पोटात खरंच गोळा येतो का?

पौष पौर्णिमेला कोल्हारला भगवतीमातेची यात्रा भरते. यात्रेतल्या आकाशपाळण्यात कधी बसला असाल, तर खाली येताना तुमच्या पोटात गोळा आलाच असेल! तो गोळा खोटा नसतो बरं का. जठर आणि आतडी पोटात काही पक्की खिळलेली नसतात. पाळणा झपकन खाली येतो, तेव्हा क्षणभर त्यांचा भार हलका होतो आणि मेंदूला ते लगेच कळतं.

परीक्षेच्या दिवशीही गोळा येतो, पण कारण वेगळं. भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. पळायची नाहीतर लढायची तयारी! पोटाकडचं आणि कातडीकडचं रक्त मग मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून पोटात कसंसंच होतं आणि हातपाय गार पडतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचेही पाय गारच पडतात. पोटात मात्र त्यांच्या फुलपाखरं उडतात!

आता अंगावरचा काटा. तो आला की हात उजेडात धरून नीट बघा. प्रत्येक लव ताठ उभी, आणि तिच्या बुडाशी एक इवलासा उंचवटा. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. थंडीने किंवा भीतीने तो आखडतो आणि केसाला उभं करतो. कुत्रा समोर आला की मांजर अंग फुलवून मोठं दिसतं ना, तीच ही युक्ती. थंडीत अशा उभ्या केसांमध्ये हवा अडकते आणि प्राण्याला ऊब मिळते. आपल्या अंगावर दाट केस उरले नाहीत, स्नायू मात्र राहिले. तळहाताला केस नसतात, म्हणून तिथे काटा कधीच येत नाही.

आणि चिंच? नुसतं नाव वाचलंत तरी तोंडाला पाणी सुटलं ना! आता वरच्या दाढेजवळ गालाला आतून जीभ लावा. बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथेच उघडते. आपल्या तोंडात दिवसाला साधारण एक लिटर लाळ तयार होते. खायला मिळणार याची नुसती खूण पटली तरी कुत्र्यांना लाळ सुटते, हे रशियाच्या पावलोव्ह यांनी प्रयोगांनी दाखवलं. पचनावरच्या त्यांच्या संशोधनाला 1904 मध्ये नोबेल पारितोषिकही मिळालं.

मला वाटतं, हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले, ती माणसं पक्की निरीक्षक होती. आता तुम्ही मराठीच्या पुस्तकातली यादी काढा. कान टवकारणे, काळजाचा ठोका चुकणे, डोळे विस्फारणे, केसाने गळा कापणे, यातलं शरीरात खरोखर काय घडतं आणि काय नुसतं बोलण्यापुरतं आहे, ते शोधा आणि विज्ञानाच्या तासाला बाईंना नक्की विचारा.