शिशुनिद्रा

शिशुनिद्रा : जन्मापासून सुमारे तीन वर्षे वयापर्यंतच्या बालकाची झोप आणि ती पुरेशी, शांत व निर्धोक व्हावी म्हणून करावयाची व्यवस्था. शरीराची व विशेषतः मेंदूची वाढ या काळात अतिशय वेगाने होत असल्यामुळे झोपेला आहाराइतकेच महत्त्व आहे. बालकाच्या झोपेची काळजी सर्वच समाजांत घेतली जाते; तथापि तिची साधने देश, ऋतू व आईबापांचा व्यवसाय यांनुसार बदलतात.

झोपेचे स्वरूप : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या तीन महिन्यांत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या वयात ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. दोन्ही अखेरच्या आकड्यांत दिवसाची झोपही धरलेली आहे. नवजात बालकाला दिवस व रात्र यांतील भेद नसतो. जठर लहान असल्याने ते दर दोन-तीन तासांनी दुधासाठी जागे होते. झोपेची लय नियंत्रित करणारे मेलॅटोनीन हे हॉर्मोन साधारणतः दोन-तीन महिन्यांनंतर नियमितपणे स्रवू लागते आणि त्यानंतरच रात्रीची झोप हळूहळू लांबते.

मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात अशा निद्रावस्थेचे वर्णन शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲझरिन्स्की व नॅथॅन्येल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. नवजाताची निम्मी झोप या प्रकारची असते. त्या वेळी बाळ हसते, कण्हते, हातपाय हलविते. ते जागे झाले असे समजून लगेच उचलल्यास मात्र खरोखरच झोपमोड होते. निद्राचक्र प्रौढांच्या मानाने आखूड, सुमारे तासाभराचे असल्यामुळे मधूनमधून जाग येणे हा दोष नसून वयाचा धर्म होय.

पारंपरिक व्यवस्था : महाराष्ट्रात बाराव्या दिवशी बारशाला मुलाला पाळण्यात घालण्याचा विधी करतात. ज्या घरी लाकडी पाळणा नसतो तेथे जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला वा तुळईला बांधतात. नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या मराठवाड्याच्या शेतीप्रधान भागात हीच झोळी शेताच्या बांधावर बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीलाही टांगलेली आढळते. तेल लावून चोळणे, ऊन पाण्याने न्हाऊ घालणे, दुपट्यात गुंडाळणे, अंगावर पाजणे आणि अंगाई म्हणत झोके देणे असा क्रम बहुधा ठरलेला असतो.

या क्रमातील बऱ्याच गोष्टींना शास्त्रीय आधार मिळाला आहे. रोज ठराविक वेळी त्याच क्रमाने केलेल्या कृतींमुळे बालकाला झोपेची पूर्वसूचना मिळते व झोप लवकर लागते. मातेने कडेवर घेऊन चालू लागताच बाळाचे रडणे थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात दिसून आले. उलट, काही प्रथा अपायकारक आहेत. ओवा, शेपा, वावडिंग इत्यादींची बंद खोलीत दिलेली धुरी कोवळ्या श्वसनमार्गाला त्रासदायक ठरते. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळल्यास खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडण्याचा संभव असतो. शांत राहण्यासाठी मध चाटविणे एक वर्षाच्या आत धोक्याचे आहे, कारण मधातील विशिष्ट जंतूंच्या बीजाणूंमुळे बालकाला विषबाधा होऊ शकते.

अफूचा वापर : बालकांना झोपविण्याच्या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग अफूचा होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कामगार वस्त्यांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध सर्रास पाजले जाई. मुंबईत कापड गिरण्यांतील स्त्रिया कामावर जाण्यापूर्वी मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये या प्रथेकडे लक्ष वेधले आणि भारतातील कामगारविषयक शाही आयोगानेही (१९२९–३१) तिची दखल घेतली. अफूमुळे श्वसनकेंद्र मंदावते, भूक मरते व मलावरोध होतो. गुंगीतील मूल दूध मागत नाही, त्यामुळे ते खंगत जाते. मात्रा थोडी वाढल्यास मृत्यूही ओढवतो. या प्रथेचे मूळ मातेच्या अज्ञानापेक्षा तिच्या परिस्थितीत होते. दिवसभर यंत्रावर उभ्या असणाऱ्या स्त्रीला मूल ठेवण्यास जागा नव्हती. म्हणूनच केवळ उपदेशाऐवजी पाळणाघर हा उपाय पुढे आला. १९३४ च्या कारखाने अधिनियमाने प्रांतिक सरकारांना त्यासाठी नियम करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तिसांवर आणण्यात आली.

निर्धोक झोप : निरोगी दिसणारे तान्हे मूल झोपेतच अचानक दगावण्याच्या घटनांचा अभ्यास झाल्यावर पालथे निजविणे हे त्यांमागील एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. बालकांना उताणे निजविण्याचा प्रचार ब्रिटनमध्ये १९९१ पासून व अमेरिकेत १९९४ पासून झाला आणि अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पहिल्या वर्षात बाळाला उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे. जवळ उशी, मऊ गाद्या किंवा सैल पांघरुणे ठेवू नयेत. त्याची जागा मातेजवळ असावी. परंतु मद्य वा गुंगीचे औषध घेतलेल्या व्यक्तीने त्याला कुशीत घेऊन झोपू नये. खोलीत धूम्रपान वर्ज्य करावे. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात जाड दुपटी व टोपडे टाळून सुती झबले व मच्छरदाणी वापरणे इष्ट ठरते. झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडण्याची भीती असल्यामुळे तिच्यावर सतत नजर असावी व बाळ निजल्यावर त्याला सपाट जागी ठेवावे. रिकामी झोळी टांगलेली राहू देऊ नये. मोठी मुले खेळताना तिच्या पिळात अडकून गळफास बसू शकतो. झोपेसाठी सर्दी-खोकल्याची औषधे देणे घातक असते. ताप, धाप, दूध न ओढणे किंवा जागे न होणारी गुंगी आढळल्यास विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी.

कष्टकरी मातांची मुले : वरील नियम स्वतःचे घर व फुरसत गृहीत धरतात. नायगाव, मुखेड, कंधार या परिसरातून आणि बीड, लातूर इ. जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व पाच-सहा महिने कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत राहतात. तोड पहाटे अंधारातच सुरू होते. तान्ही मुले फडाच्या कडेला पाचटावर अथवा गाडीखालील झोळीत निजतात आणि त्यांची राखण बहुधा थोरली बहीण करते. साप, थंडी, धूळ आणि वाहनांची ये-जा यांचा धोका त्यांना असतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी पाळणाघराची तरतूद होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात, पाच वा अधिक लहान मुले कामाच्या जागी असल्यास ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याचा नियम होता. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली फिरती पाळणाघरे हा याच दिशेने झालेला उल्लेखनीय प्रयत्न होय. दर हंगामात गाव बदलणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत सावलीची जागा, राखण करणारी प्रौढ व्यक्ती आणि मातेला दूध पाजण्यासाठी सुटी या तीन गोष्टी मिळाल्या, तर मुलाची झोप सुरक्षित होते आणि थोरल्या बहिणीची शाळाही टिकते.