क्रीडासंघांचे उपनगरीय स्थलांतर

क्रीडासंघांचे उपनगरीय स्थलांतर : व्यावसायिक क्रीडासंघाने मोठ्या शहराच्या मध्यवर्ती भागातील क्रीडागार (स्टेडियम) सोडून त्याच महानगर प्रदेशातील उपनगरात वा शहराबाहेरील मोकळ्या जागेत आपले बस्तान हलविणे, यास ही संज्ञा लावता येते. ही घटना प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर घडून आली. ब्रुकलिन डॉजर्स हा बेसबॉल संघ १९५७ चा हंगाम संपल्यावर न्यूयॉर्क सोडून लॉस अँजेल्सला गेला. अशा दूरच्या स्थलांतरात शहर आपला संघ पूर्णतः गमावते. उपनगरीय स्थलांतर याहून वेगळे असते. त्यात संघ बहुधा शहराचे नाव कायम ठेवतो व त्याचे बरेचसे चाहतेही तेच राहतात; मात्र संघापासून मिळणारे कर, रोजगार व व्यापार शहराच्या हद्दीबाहेर जातात आणि शहरातील गरीब रहिवाशांना सामन्यास जाणे अवघड होते. संघाची मालकी खाजगी, परंतु नाव सबंध शहराचे, ही विसंगती या स्थलांतरात विशेष ठळकपणे दिसून येते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील पहिली पोलादी व काँक्रीटची बेसबॉल क्रीडागारे साधारणतः १९०९ ते १९१५ या काळात उभी राहिली. फिलाडेल्फियातील शाइब पार्क (१९०९), बॉस्टनमधील फेनवे पार्क (१९१२), डेट्रॉइटमधील पुढे टायगर स्टेडियम या नावाने प्रसिद्ध झालेले क्रीडागार (१९१२) व ब्रुकलिनमधील एबेट्स फील्ड (१९१३) ही त्यांपैकी काही होत. ती संघमालकांनी स्वतःच्या पैशाने बांधली. प्रेक्षक तेथे पायी अथवा ट्रामने येत. त्यामुळे क्रीडागारे दाट वस्तीत, ट्रामच्या मार्गालगत बांधली गेली आणि वाहनतळाची निकड मुळात कोणास भासली नाही.

महायुद्धानंतर ही परिस्थिती पालटली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना विमासंरक्षण दिल्यामुळे उपनगरांत घर घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील कर्जांना हे संरक्षण सहसा नाकारले जाई. त्यामुळे उपनगरे बव्हंशी गौरवर्णीयांची राहिली. १९५६ च्या कायद्याने सु. ६६,००० किमी. लांबीच्या आंतरराज्य महामार्गांची योजना आखली गेली व त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र शासनाने उचलला. हे मार्ग शहरांच्या जुन्या वस्त्या पाडून उपनगरांकडे नेण्यात आले. १९७० च्या जनगणनेपर्यंत देशातील उपनगरांची लोकसंख्या मध्यवर्ती शहरांच्या लोकसंख्येहून अधिक झाली होती. तिकीट विकत घेणारा प्रेक्षक उपनगरात गेला व मोटारीने येऊ लागला. संघ त्याच्या मागोमाग गेले.

स्थलांतराचा क्रम : १९६६ मध्ये एंजल्स हा बेसबॉल संघ लॉस अँजेल्सहून अनाहाइमला गेला. १९७० नंतरच्या दशकात या प्रवृत्तीने जोर धरला. १९७१ मध्ये डॅलस काउबॉइज हा अमेरिकन फुटबॉलचा संघ डॅलसमधील कॉटन बोल सोडून अर्व्हिंग या उपनगरात गेला, तर बॉस्टन पेट्रिअट्स हा संघ फॉक्सबरो या छोट्या गावी गेला. बफालो बिल्स (१९७३) हा संघ ऑर्चर्ड पार्क येथे व न्यूयॉर्क जायंट्स (१९७६) हा तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील ईस्ट रदरफर्ड येथे गेला. क्लीव्हलंडच्या कॅव्हलिअर्स या बास्केटबॉल संघाने १९७४ मध्ये क्लीव्हलंड व ॲक्रन या शहरांच्या दरम्यान, शेतजमिनींच्या परिसरातील रिचफील्ड येथे आपले सामने भरविण्यास सुरुवात केली.

डेट्रॉइटचे उदाहरण : या प्रक्रियेची बहुतेक सर्व अंगे डेट्रॉइट शहरात एकत्र पाहावयास मिळतात. मोटारउद्योगाच्या या केंद्राची लोकसंख्या १९५० मध्ये सु. १८·५ लक्ष होती. ती १९७० मध्ये सु. १५·१ लक्ष व १९८० मध्ये सु. १२ लक्ष झाली. याउलट उत्तरेकडील ओकलंड काउंटीची लोकसंख्या १९५० ते १९७० या दोन दशकांत सु. ४ लक्षांवरून ९ लक्षांवर गेली. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये झालेल्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली. या दंगलीमुळे शहराची वस्ती घटली, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ही घट त्यापूर्वी दीड दशक सुरू झालेली होती. शहरातील अखेरची ट्राम १९५६ मध्ये बंद पडली. ब्लॅक बॉटम व पॅराडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नगर-पुनर्रचनेत व महामार्गाच्या कामात नष्ट झाल्या.

डेट्रॉइट लायन्स हा फुटबॉल संघ टायगर स्टेडियममध्ये बेसबॉल संघाचा भाडेकरू म्हणून खेळत असे. डेट्रॉइट नदीकाठी घुमटाकार क्रीडागार बांधण्याची योजना फलद्रूप न झाल्याने १९७५ मध्ये तो ओकलंड काउंटीतील पॉन्टिअ‍ॅक येथे गेला. तेथे नगरपालिकेने सु. ५·६ कोटी डॉलर खर्चून सु. ८०,००० आसनांचे क्रीडागार बांधले होते. पुढे सिल्व्हरडोम या नावाने ते ओळखले जाऊ लागले. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे त्याचे छत आतील हवेच्या दाबावर तोललेले होते. १९७८ मध्ये पिस्टन्स हा बास्केटबॉल संघही शहरातील कोबो अरीना सोडून तेथे आला. मार्च १९८५ मध्ये बर्फाच्या भाराने छत फाटले, तेव्हा पिस्टन्सना त्या हंगामाचे उरलेले सामने डेट्रॉइट शहरातच खेळावे लागले. १९८८ मध्ये हा संघ ऑबर्न हिल्स येथील पॅलेस या नव्या क्रीडागारात गेला. हे क्रीडागार मालकाने खाजगी भांडवलातून उभारले होते व त्यात धनिक प्रेक्षकांसाठी १८० आलिशान कक्ष होते.

रेड विंग्ज या हॉकी संघाच्या मालकानेही पॉन्टिअ‍ॅकला जाण्याचा इरादा व्यक्त केला होता. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांनी नदीकाठी जो लुई अरीना हे क्रीडागार सार्वजनिक खर्चाने बांधवून (१९७९) व अल्प भाडे आकारून तो संघ शहरात राखला. संघ गेला तर महसूल बुडतो आणि राखावा तर खर्च सोसावा लागतो, हा पेच अडचणीतील अनेक शहरांपुढे उभा राहिला.

शहरात राहिलेल्या चाहत्यांना या स्थलांतराची झळ दोन प्रकारे लागली. मोटार नसलेल्या कुटुंबास सु. ५० किमी. अंतरावरील पॉन्टिअ‍ॅकला जाऊन परत येणे कष्टाचे होते. शिवाय राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या नियमानुसार यजमान संघाच्या सामन्याचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण क्रीडागारापासून ७५ मैल (सु. १२० किमी.) परिसरात रोखले जाई. १९७३ पासून सामन्याच्या ७२ तास आधी सर्व तिकिटे विकली गेली, तरच स्थानिक प्रक्षेपणास मुभा मिळे. सिल्व्हरडोमची ८०,००० आसने पुष्कळदा रिकामी राहत. परिणामी ज्या शहराचे नाव संघाने धारण केले होते, तेथील रहिवाशास सामना प्रत्यक्ष पाहता येत नसे आणि अनेकदा घरबसल्याही पाहता येत नसे. लीगने २०१५ मध्ये हा निर्बंध स्थगित केला.

आर्थिक कारणे : व्यावसायिक लीगमधील संघांची संख्या लीगच ठरविते व ती मर्यादित ठेवते. त्यामुळे संघ हवा असणाऱ्या नगरांपेक्षा संघ नेहमीच कमी असतात आणि नगरांमध्ये चढाओढ लागते. फुटबॉलमध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते. परंतु आलिशान कक्ष, वाहनतळ व खाद्यपेये यांपासून होणारी प्राप्ती बव्हंशी संघाकडेच राहू शकते. क्रीडागार जुने व भाड्याचे असेल, तर ही प्राप्ती मालकास मिळत नाही. उपनगरात विस्तीर्ण जमीन तुलनेने स्वस्तात मिळत असल्याने या सर्व सोयी एका ठिकाणी करता येतात. अर्व्हिंग येथील टेक्सस स्टेडियमसाठी हंगामी तिकीट घेणाऱ्यांना आधी कर्जरोखे विकत घ्यावे लागत. त्यामुळे कॉटन बोलमधील अल्प उत्पन्नाचे अनेक प्रेक्षक आपोआप वगळले गेले.

क्रीडागारांसाठी स्थानिक शासनसंस्था करमुक्त कर्जरोखे काढीत. यास आळा घालण्याच्या हेतूने १९८६ च्या करसुधारणा कायद्याने अशी अट घातली, की खाजगी उपयोगाच्या क्रीडागाराच्या कर्जाची परतफेड १० टक्क्यांहून अधिक प्रमाणात क्रीडागाराच्याच उत्पन्नातून होत असल्यास त्याच्या रोख्यांना करमुक्ती मिळू नये. परिणाम मात्र उलटा झाला. करमुक्ती टिकविण्यासाठी संघाकडून कमी भाडे घेऊन कर्जाचा भार विक्रीकर, हॉटेलकर यांसारख्या सर्वसाधारण करांवर टाकणे नगरांना सोयीचे ठरले. रॉजर नोल व अँड्र्यू झिम्बलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या १९९७ मधील ग्रंथापासून बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष असा, की क्रीडागारांवरील सार्वजनिक खर्चाच्या मानाने स्थानिक अर्थव्यवस्थेस होणारा लाभ अत्यल्प असतो. प्रेक्षक सामन्यावर खर्च करतो, ती रक्कम त्याने बहुधा त्याच प्रदेशात अन्य करमणुकीवर खर्च केली असती, हे याचे मुख्य कारण होय.

नावाचा प्रश्न : उपनगराचे नाव धारण करण्यास संघ सहसा नाखूश असतात, कारण जाहिरातदार व दूरचित्रवाणी यांच्या दृष्टीने मोठ्या शहराच्या नावासच मोल असते. न्यूयॉर्क जायंट्स व १९८४ पासून त्याच आवारात खेळणारा न्यूयॉर्क जेट्स हे दोन्ही संघ न्यू जर्सीत खेळतात. पेट्रिअट्सनी बॉस्टनऐवजी न्यू इंग्लंड हे सबंध प्रदेशाचे नाव घेऊन वेगळा मार्ग काढला. अनाहाइम नगराने १९९६ च्या करारात संघाच्या नावात ‘अनाहाइम’ असण्याची अट घातली होती. २००५ मध्ये नव्या मालकाने ‘लॉस अँजेल्स एंजल्स ऑफ अनाहाइम’ असे नाव ठेवून अटीचा शब्दार्थ तेवढा पाळला. नगराने त्याविरुद्ध दावा लावला. परंतु २००६ मध्ये ज्यूरीने संघाच्या बाजूने कौल दिला.

पुनरागमन व प्रतिप्रवाह : उपनगरीय मेट्रोपॉलिटन स्टेडियम सोडून मिनेसोटाचे बेसबॉल व फुटबॉल संघ १९८२ मध्ये मिनीॲपोलिसच्या मध्यभागी आले, जुन्या क्रीडागाराच्या जागी १९९२ मध्ये ‘मॉल ऑफ अमेरिका’ हे विक्रीसंकुल सुरू झाले. त्याच वर्षी बॉल्टिमोरच्या मध्यवर्ती भागात जुन्या धर्तीचे कॅमडन यार्ड्‌स हे क्रीडागार उघडले व अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरविला. कॅव्हलिअर्स १९९४ मध्ये क्लीव्हलंडला परतले. रिचफील्डचे क्रीडागार १९९९ मध्ये पाडण्यात आले व ती जमीन कायाहोगा खोऱ्यातील राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट होऊन तेथे गवताळ कुरण झाले.

लायन्स २००२ मध्ये डेट्रॉइटमधील फोर्ड फील्डमध्ये परतले व पॉन्टिअ‍ॅकच्या हाती रिकामे क्रीडागार राहिले. मोटार कारखाने बंद पडत गेल्याने ते गावही डबघाईस आले होते. २००९ मध्ये सिल्व्हरडोम लिलावात अवघ्या ५ लक्ष ८३ हजार डॉलरांस विकावे लागले व २०१७ मध्ये ते जमीनदोस्त करण्यात आले. पिस्टन्सही २०१७ मध्ये डेट्रॉइटला परतले. ज्या शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती, तेथे त्यांच्या नव्या क्रीडागारासाठी ३० कोटी डॉलरांहून अधिक सार्वजनिक निधी उभारण्यात आला. म्हणजे संघ जाताना उपनगराने खर्च केला व परत येताना शहराने. सार्वजनिक तिजोरीवरील भार दोन्ही वेळा चुकला नाही.

हा प्रवाह एकेरी नाही. अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने केवळ वीस हंगाम वापरलेले टर्नर फील्ड सोडून २०१७ मध्ये कॉब काउंटीत प्रयाण केले. तिकीट घेणारे बहुसंख्य प्रेक्षक शहराच्या उत्तरेकडील उपनगरांत राहतात, असा नकाशा संघाने त्यासाठी प्रसिद्ध केला होता. या काउंटीने १९६५ मध्ये मतदानाद्वारे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेत सामील होण्याचे नाकारले होते. त्यामुळे शहरातील आगगाडीने नव्या क्रीडागारापर्यंत जाता येत नाही. क्रीडागाराभोवतीची दुकाने, हॉटेले व कार्यालये यांचे उत्पन्न संघाकडेच राहते, हे या स्थलांतराचे नवे वैशिष्ट्य होय. वॉशिंग्टनचे बास्केटबॉल व हॉकी संघ व्हर्जिनियातील ॲलेक्झांड्रियास नेण्याची योजना डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. मार्च २०२४ मध्ये शहराने ५१·५ कोटी डॉलर देऊ केल्यावर ती रद्द झाली. प्रत्यक्ष स्थलांतराइतकाच त्याचा धाकही परिणामकारक असतो, हे यावरून दिसून येते.

भारतातील स्थिती : भारतात क्रिकेटची मैदाने मुख्यत्वे राज्य संघटना वा शासनसंस्था यांच्याकडे असल्याने मालकाने संघ हलविण्याचा प्रश्न याच स्वरूपात उद्‌भवत नाही, मात्र सामन्यांची ठिकाणे शहराबाहेर गेलेली आढळतात. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानाऐवजी विदर्भ क्रिकेट संघटनेने २००८ पासून वर्धा मार्गावरील जामठा येथे, तर पुण्यातील नेहरू स्टेडियमऐवजी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०१२ पासून मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गालगतच्या गहुंजे येथे मोठे सामने भरविण्यास प्रारंभ केला. स्वतःच्या मालकीची विस्तृत जमीन, प्रशस्त वाहनतळ व महामार्गाचे सान्निध्य हे लाभ येथेही दिसतात. स्वतःचे वाहन नसलेल्या प्रेक्षकाने सामन्यास पोहोचून रात्री घरी कसे परतावे, हा प्रश्नही त्याबरोबर येतो. क्रीडागाराची जागा निश्चित करताना सार्वजनिक वाहतुकीचा विचार प्रथम होणे म्हणूनच अगत्याचे ठरते.