नकाशावरची सही कोणाची?

विनयपिटकात भिक्खूंसाठी जे नियम आहेत, त्यांत एक नियम घर बांधण्याविषयी आहे. एखाद्या भिक्खूला दाता नसताना, याचना करून, स्वतःसाठी कुटी बांधावयाची असेल तर ती आतून १२ वीत लांब व ७ वीत रुंद एवढीच असावी, आणि ही वीत सुगताची धरावी. बांधण्यापूर्वी संघातील भिक्खूंना नेऊन जागा दाखवावी व त्यांची संमती घ्यावी. त्या जागेत जीवजंतूंना उपद्रव होऊ नये आणि सभोवार गाडी फिरेल एवढी मोकळी जागा सुटलेली असावी. आजच्या भाषेत सांगायचे तर क्षेत्रफळाची मर्यादा, जागेची पाहणी, बांधकाम परवानगी आणि सामासिक अंतर या चारही गोष्टी या एका नियमात आल्या आहेत.

दुसरी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातील. कार्ले येथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात एक लहान शिलालेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वाराचे काम केले, अशी नोंद त्यात आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात तर बांधकामावर देखरेख करणाऱ्या 'नवकम्मिक' भिक्खूंची नावे दिली असून कारागिरांचाही उल्लेख आहे. म्हणजे पैसा कोणी दिला हे जसे दगडावर लिहिले, तसेच काम कोणाच्या देखरेखीखाली झाले हेही लिहिले. जबाबदारी नावानिशी नोंदविण्याची ही आपली जुनी रीत आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत बांधकाम परवानगीचे आणि ती मिळवून देणाऱ्या तांत्रिक व्यक्तींचे नियम पुष्कळ बदलले. आपल्या वाड्यांतून मात्र अजूनही 'नकाशा काढून देणारा तो इंजिनिअर' एवढ्याच माहितीवर घरे उभी राहतात. मुंबईत उभी हयात नोकरीत घालवून, फंड व ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन गावी परतलेला माणूस त्या पैशांतून घर बांधतो. त्याला दुसरी संधी नसते. आम्ही बँकेत काम करीत असल्याने घरकर्जाच्या प्रकरणांबरोबर येणारे नकाशे आणि त्यांवरील शिक्के आमच्या नजरेखालून जातात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वाढीव कामासाठी कर्ज मागितले, तेव्हा मूळ नकाशावर 'आर्किटेक्ट' असा शिक्का मारणाऱ्याने केवळ आरेखकाचा अभ्यासक्रम केला होता असे निघाले. तोवर स्लॅबच्या गिलाव्यातून गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या होत्या. त्या गृहस्थांची चूक एवढीच, की सही कोणाची हे त्यांनी विचारले नाही. तो प्रश्न कसा विचारावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

वास्तुविशारद कोणाला म्हणावे?

आपल्या देशात 'आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२' हा कायदा आहे. त्यानुसार दिल्लीत 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर' ही परिषद स्थापन झाली. मान्यताप्राप्त पदवी घेऊन या परिषदेकडे नाव नोंदविलेल्या व्यक्तीलाच स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणविण्याचा अधिकार आहे. कायद्याचे कलम ३७ तसे स्पष्ट सांगते. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, मग नोंदणीचे वर्ष येते व शेवटी अनुक्रमांक. नोंदणीचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून कोणासही खात्री करून घेता येते. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

येथे एक बारकावा आहे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएडा येथील एका पदासंबंधीच्या प्रकरणात निकाल दिला. कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवते. इमारतीचे आराखडे करण्याच्या कामावर मात्र ते सरसकट बंदी घालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला 'आर्किटेक्ट' हे नाव असलेल्या पदावर नेमता येणार नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. म्हणजे नकाशा काढणारा प्रत्येक जण आर्किटेक्ट असेलच असे नाही. पण तो स्वतःस आर्किटेक्ट म्हणवीत असेल तर नोंदणी क्रमांक मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक घोटाळा शब्दांचा. दिशा पाहून 'वास्तुदोष' सांगणारा आणि जिना तोडावयास लावणारा मनुष्य वास्तुविशारद नव्हे. त्याला कोणत्याही परिषदेची नोंदणी नाही आणि त्याच्या सल्ल्याची कायदेशीर जबाबदारी कोणी घेत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने या दोन शब्दांतील अंतर तरी ओळखले पाहिजे.

परवानाधारक अभियंता व पर्यवेक्षक

अभियंत्यांसाठी वास्तुविशारदांसारखा देशव्यापी नोंदणी कायदा झालेला नाही. त्यामुळे अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांना परवाना मिळतो तो स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून. महाराष्ट्रात मुंबई व काही क्षेत्रे वगळता डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्या एका परिशिष्टात या सर्व व्यक्तींची पात्रता, अधिकार व कर्तव्ये दिली आहेत. पर्यवेक्षकांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या पर्यवेक्षकाला ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील नकाशे सादर करता येतात, दुसऱ्या वर्गाच्या पर्यवेक्षकाला २०० चौरस मीटरपर्यंतच्या. परिषदेकडे नोंदणी असलेल्या वास्तुविशारदाला असा वेगळा स्थानिक परवाना लागत नाही. म्हणून साध्या घराला आर्किटेक्टच हवा असे नाही, परवानाधारक अभियंता किंवा पर्यवेक्षक चालतो. मात्र त्याचा परवाना चालू मुदतीतील असावा आणि काम त्याच्या मर्यादेत बसणारे असावे.

कचेरीकडून सहीकडे

नव्या नियमावलीचा सर्वांत मोठा बदल पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी पूर्वीसारखी परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मालकाची व परवानाधारक तांत्रिक व्यक्तीची सही असलेला नकाशा, जागेची कागदपत्रे व शुल्क भरून प्राधिकरणास कळविले की काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठीही पद्धत सोपी केली आहे. ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये गावांसाठी याच धर्तीवर सवलत दिली आणि सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना कार्यालयाचे हेलपाटे वाचविले.

सवलत चांगलीच आहे. हेलपाट्यांत गरिबाचाच रोज बुडतो. पण तिची दुसरी बाजूही समजून घ्यावी. पूर्वी नकाशा नियमात बसतो की नाही हे कचेरीतील अधिकारी तपासत असे. आता ते तपासल्याची हमी सही करणारा देतो आणि मालकही स्वतःच्या सहीने ती उचलून धरतो. हमी खोटी निघाली तर बांधकाम अनधिकृत ठरते. मग नोटीस मालकाच्या दारावर लागते, नकाशा काढणाऱ्याच्या नव्हे. कचेरीतील तपासणी जेवढी कमी झाली, तेवढे सहीचे वजन वाढले.

शहरात फ्लॅट घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. 'महारेरा'कडे नोंदविलेल्या प्रकल्पात खरेदीदारांचा जो पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, तो काढण्यासाठी बिल्डरला काम किती झाले याचे वास्तुविशारद, अभियंता आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले लागतात.

समुद्राकाठची घरे

मालवणच्या किनाऱ्यावर आणखी एक कायदा आहे. केंद्र शासनाने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली, नंतर २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने आली. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. खाडीकाठी ही मर्यादा २०१९ च्या अधिसूचनेत १०० मीटरवरून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ती, अशी केली. कोळंब, कालावल, कर्ली या खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वर सांगितलेली १५० चौरस मीटरची सवलत म्हणजे किनारा नियमांतून सुटका नव्हे. ज्याला नकाशा काढावयास सांगाल, त्याला 'आमची जागा या पट्ट्यात येते का?' हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खाऱ्या हवेचाही एक नियम आहे. काँक्रीटच्या कामासाठी भारतीय मानक ४५६ आहे. किनारी हवा थेट लागणाऱ्या लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी ते किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगते. सळईखाली 'कव्हर ब्लॉक' न लावता, हाताने सळई उचलून काँक्रीट ओतले की हे आवरण राहत नाही. मग सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे ढलपे पडू लागतात. चिऱ्याची भिंत शंभर वर्षे टिकते आणि तिच्यावरचा स्लॅब पंधरा वर्षांत गळू लागतो, यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

राजकोटचा धडा

मालवणकरांना गंजाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने २० ऑगस्टला नौदलास पाठविले होते. दुर्घटनेनंतर शिल्पकार व स्ट्रक्चरल सल्लागार यांच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सल्लागारास जामीन दिला. त्याचा अहवाल चबुतऱ्यापुरता होता आणि चबुतरा शाबूत आहे, ही बाब तेव्हा प्रथमदर्शनी विचारात घेतली गेली. २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला.

कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण घ्यायचा धडा एवढाच, की कामाच्या कोणत्या भागाची जबाबदारी कोणाची हे आधी कागदावर स्पष्ट असावे लागते. घराच्या बाबतीतही नकाशा एकाचा, आर.सी.सी.चा हिशेब दुसऱ्याचा आणि देखरेख कोणाचीच नाही, असे सर्रास होते.

पैसे देण्यापूर्वी

म्हणून घर बांधणाऱ्याने पहिला हप्ता देण्यापूर्वी पाच गोष्टी मागाव्यात. एक, नोंदणी किंवा परवाना क्रमांक व त्याची मुदत. दोन, नकाशा, आर.सी.सी. आणि देखरेख यांची जबाबदारी कोणाकडे, याचे लेखी पत्र. तीन, जागा किनारा पट्ट्यात आहे की नाही याचे लेखी उत्तर. चार, सही-शिक्क्याचा नकाशा व भरलेल्या शुल्काची पावती, आणि तीही आपल्या हातात. पाच, काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला. हे मागण्यात संकोच वाटू देऊ नये. चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी रागावत नाही.

विद्यार्थ्यांसाठी

आमच्या मते खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. चिरे काढणारे, भिंती रचणारे, काँक्रीट ओतणारे हात आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नकाशावर सही करणारे हात मात्र मोजके आहेत.

वास्तुविशारद होण्यासाठी पाच वर्षांची 'बी.आर्क.' पदवी घ्यावी लागते. प्रवेशासाठी २००६ पासून 'नाटा' ही अभिक्षमता परीक्षा आहे, तसेच 'जेईई मेन'चा वास्तुकलेचा पेपरही चालतो. बारावीस भौतिकशास्त्र व गणित आवश्यक आहे. अकरावीत 'अवघड जाते' म्हणून गणित सोडले की हा दरवाजा तेथेच बंद होतो. दहावीच्या मुलांच्या पालकांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका केलेल्यांनाही मार्ग आहे. गुणांच्या अटी मधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहावी आणि महाविद्यालयास परिषदेची मान्यता आहे याची खात्री करावी. गृहसजावटीच्या अभ्यासक्रमावर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही. मुंबईच्या सर जे. जे. संस्थेला ऑक्टोबर २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथेही वास्तुकलेचे शिक्षण मिळते.

खर्चाची भीती रास्त आहे, पण अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा. कागद वेळेवर नाही म्हणून शिष्यवृत्ती हुकण्यासारखे दुःख नाही.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भव्य स्तूप वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लाखो लोक तेथे नतमस्तक होतात. आपल्या वाडीतील विहाराचा नकाशा उद्या आपल्याच एखाद्या मुलीने काढावा आणि खाली तिचा नोंदणी क्रमांक असावा, एवढीच आमची इच्छा आहे. कार्ल्याच्या सामी सुताराने दगडावर आपले नाव ठेवले. आता कागदावर आपले नाव ठेवण्याची पाळी आपल्या मुलांची आहे.

जय भीम!