थंडीतला घाम

जानेवारीतली सकाळ. कर्वेनगरमधल्या एका शाळेत सातवीचा तास चालू आहे. मुले स्वेटर घालून बसली आहेत आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा मात्र एकाएकी लाल होतो, मानेवरून घाम ओघळू लागतो. दोन-चार मिनिटांत सारे निवते आणि मग त्यांनाच हुडहुडी भरते. रात्री झोपेतही हेच घडते. माझ्या शेजारी राहणाऱ्या या बाईंनी मला विचारले, "अंगात एवढी उष्णता येते तरी कुठून?"

ती फारशी येतच नाही. चुकतो तो शरीराचा अंदाज. मेंदूतला अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. तापमान थोडे वरखाली झाले तरी तो लगेच घामही आणत नाही आणि कापरेही भरवत नाही. तेवढी सूट त्याने ठेवलेली असते. पाळी जाण्याच्या काळात ही सूट आक्रसते. डेट्रॉइटच्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी मोजले तेव्हा अशा वाफा येणाऱ्या स्त्रियांत ती जवळजवळ शून्यावर आलेली दिसली. मग एक कप चहाही पुरतो. तापमान किंचित वाढले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, शरीर गरजेपेक्षा जास्त थंड होते. म्हणून शेवटी हुडहुडी.

सूट का आक्रसते? बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अधश्चेतकातल्या काही चेतापेशींना लगाम घालत असते. ते घटले की या पेशी फुगतात आणि न्यूरोकायनिन-बी नावाचे रसायन जास्त बनवू लागतात. ॲरिझोनातल्या नेओमी रान्स यांनी १९९०च्या सुमारास हे दाखवले. (पाठ्यपुस्तकात अधश्चेतक एका वाक्यात संपतो, हे बरे नाही.) या रसायनाचा संदेश अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. मात्र ते घेताना यकृताची तपासणी करत राहावी लागते.

भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते आणि इस्ट्रोजेन हळूहळू घटते. शस्त्रक्रियेने बीजांडकोश काढले तर ते एका दिवसात तुटते आणि वाफा फार तीव्र येतात. नुसती गर्भपिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात. हा फरक रुग्णाला क्वचितच समजावून सांगितला जातो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या पोटातून नेमके काय काढले, हे यांतल्या प्रत्येकीला कागदावर मिळायला हवे होते.

उपाय पुष्कळ सांगितले जातात आणि प्रत्येकाचा कुणाला तरी गुण येतोच. औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिली तरी सुमारे एक तृतीयांश त्रास कमी होतो, हे लक्षात ठेवले की सोयाबीनच्या गोळ्यांच्या जाहिराती नीट वाचता येतात. सुती कपडे, पंखा, उशाशी पाणी यांनी वाफांची संख्या घटत नाही, सोसणे मात्र सोपे होते. वजन जास्त असल्यास ते उतरवणे आणि मानसोपचारातली विचार-वर्तन पद्धती यांचा उपयोग दिसून आला आहे. सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे इस्ट्रोजेनच देणे; गर्भपिशवी असेल तर त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड हवी. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचाराची धास्ती बसली. पण त्यातल्या बऱ्याच स्त्रियांनी साठी ओलांडली होती. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना त्याचा फायदा धोक्याहून जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी मात्र तो टाळायचा.

रात्रीचा प्रत्येक घाम पाळीशी जोडू नये. सोबत ताप, घटणारे वजन किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर आधी क्षयाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. हातही थरथरत असतील तर थायरॉइड तपासावे. शेजारच्या बाईंचे दोन्ही अहवाल ठीक आले. आता त्या वर्गात पंखा लावतात.