कुत्र्याला टोचले, मग मुलाला कशाला?

“जनावरांच्या डॉक्टरांनी पैसे घेऊन कुत्र्याला टोचले. तरी तुम्ही म्हणता, पोराला इंजेक्शन द्या. मग त्यांची लस खोटी की काय?” घरचे कुत्रे चावल्यावर पालक रागाने असे विचारतात.

लस खोटी असतेच असे नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, नंतर बूस्टर आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्या मुदतीने डोस द्यावे लागतात. डोस चुकला किंवा लस २ ते ८ अंशांत ठेवली गेली नाही, तर संरक्षण कमी पडते. म्हणून लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख व सही असलेले कार्ड मागून घ्यावे. ते नाकारले किंवा हलगर्जी झाली, तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करावी.

पण आधी जखम, मग तक्रार! रेबीजची लक्षणे दिसल्यावर रोगी बहुधा दगावतोच. कुत्रे चावताच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सी.पी.आर. किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. पोटातली १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. लस दंडात देतात.

कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस लांबवू नये. पुढचे डोस थांबवायचे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.