वातानुकूलकाच्या दुरुस्तीचा खर्च
चैत्र लागला की कारागीर येतो आणि ‘गॅस संपला’ असे सांगून हजारोंचे बिल करतो. दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवणारी मंडळी ते निमूटपणे चुकते करतात! वस्तुतः हा वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजविल्याविना भरलेला वायू पुन्हा निघून जातो, आणि कमी वायूवर चालणारा कॉम्प्रेसर तापून जळण्याची भीती असते. तोच यंत्रातील सर्वांत महागडा भाग. म्हणून आधी गळतीची तपासणी, मग पैसे. वार्षिक करारात वायू व सुटे भाग धरले आहेत काय, हेही सहीपूर्वी वाचावे. जाळी मात्र घरीच पंधरवड्याला धुता येते. त्यास कारागीर लागत नाही.