पंचनाम्यात न येणारा रस्ता

रस्त्यावरील मृत्यूची वार्ता घरी येऊन पोहोचली म्हणजे प्रथम उच्चारला जातो तो ‘दैव’ हा शब्द, आणि दिवसकार्य आटोपून मंडळी जरा सावरली म्हणजे त्याची जागा ‘बेपर्वाई’ हा शब्द घेतो. परंतु ज्या रस्त्यावर तो मनुष्य गेला त्याची रुंदी किती, वळण कसे, उजेड पुरेसा होता किंवा नाही आणि तेथे कोणती वेगमर्यादा मुक्रर केलेली होती, याची चौकशी करण्यास या दोन शब्दांच्या मध्ये कोणालाच अवकाश सापडत नाही. २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली, म्हणजे दररोज चारशे साठांहून अधिक. यांतील शंभरांमागे सुमारे चौसष्ट माणसे दुचाकीवरची अथवा पायी चालणारी होती. इतक्या नियमाने, वर्षानुवर्षे, त्याच त्या चौकांत आणि त्याच त्या वर्गावर कोसळणाऱ्या आपत्तीला दैव म्हणणे मला पटत नाही.

बेपर्वाईचा सिद्धान्त दैवापेक्षा अधिक सयुक्तिक दिसतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. पोलिसांच्या फिर्यादीत एक वाक्य ठरून गेलेले आहे: चालकाने वाहन ‘भरधाव वेगाने, हयगयीने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ चालविले. चालकाचा गुन्हा असेल तर त्यास शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. पण रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष ज्या इतर अनेकांनी केले, त्यांची जबानी कोणी घेत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनच्या संसदेने जे धोरण स्वीकारले त्याचे मर्म हेच होते की मनुष्य चुकणारच, त्याचे लक्ष क्षणभर विचलित होणारच. तेव्हा त्या चुकीचे प्रायश्चित्त देहान्त असू नये अशा रीतीने रस्ता बांधणे हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. तेथे तेव्हा वर्षाला सुमारे ५४० माणसे मरत. पुढे ती संख्या निम्म्याहून खाली आली. आपल्याही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष आराखड्याबद्दल रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेस व ठेकेदारास जबाबदार धरण्याची तरतूद झाली आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

रस्ता रुंद आणि सरळ केला की तो निर्धोक होतो, ही समजूत तर नगरसेवकापासून सामान्य करदात्यापर्यंत सर्वत्र रुजलेली आहे. वस्तुतः २०२२ च्या आपल्या देशातील अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरळ रस्त्यांवरच घडले. देशातील बहुतेक रस्ते सरळच असतात हे खरे. परंतु खड्डा नाही, वळण नाही म्हणून तो रस्ता सुरक्षित ठरत नाही, एवढे तरी यातून निश्चित होते. रुंद, मोकळा रस्ता चालकाच्या पायाला नकळत वेग वाढविण्याची आज्ञा देतो, आणि खांबावरची वेगमर्यादेची पाटी त्या आज्ञेपुढे दुर्बळ ठरते. चौकाचा कोपरा ऐसपैस गोलाईचा असेल तर वाहन वेग न उतरवता वळते; तोच कोपरा आवळून घेतला, पट्टे अरुंद आखले, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीस उचलली, की तोच चालक, तेच वाहन, सावकाश जाऊ लागते.

दहा-वीस किलोमीटरच्या फरकाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडतो. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण तेरा मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० च्या वेगात तेवढ्याच अंतरात ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते. चेंडूमागे धावत आलेले मूल तेरा-चौदा मीटरांवर असेल, तर पहिल्या चालकाच्या हातून ते वाचते आणि दुसऱ्याची मोटार त्यावर पुऱ्या वेगाने आदळते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० चा आघात ३० च्या पावणेतीनपट असतो. वेळेची हानी होते म्हणावे, तर शहरात आपला वेळ खातात ते सिग्नल आणि कोंडी, मधल्या धावेचा वेग नव्हे. हेलसिंकी शहरात निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे, आणि तेथे २०२४ च्या जुलैपासून पुढील संपूर्ण वर्षात रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही.

पादचाऱ्यांसाठी पूल बांधला की प्रश्न मिटला, असेही मानले जाते, आणि मग पुलाखालून जाणाऱ्याला बेशिस्त ठरविले जाते. खालून उंच वाहने जावीत म्हणून साडेपाच मीटर जागा मोकळी ठेवायची, तर पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरून छत्तीसांहून अधिक पायऱ्या चढाव्या आणि तितक्याच उतराव्या लागतात. गुडघे धरलेल्या आजीबाईंना, कडेवर मूल असलेल्या बाईला किंवा डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या माणसाला हा मार्ग दाखविणे म्हणजे जो दुर्बळ त्यानेच श्रम करावे असा न्याय करणे होय. जमिनीवरूनच, मध्ये थांबण्यास उंचवटा आणि सिग्नलला पुरेसा अवधी देऊन, रस्ता ओलांडता आला पाहिजे. चोवीस मीटरांचा रस्ता तरुण माणूस वीस सेकंदांत ओलांडतो. वृद्धास तीस लागतात, आणि अवधी वृद्धाच्या पावलांनी मोजावयास हवा.

हेल्मेटविषयी आम्हा पुणेकरांचा पूर्वग्रह जुना आहे. सक्तीविरुद्ध येथे आंदोलने झाली, आणि ‘गावातल्या गावात कशाला?’ हे वाक्य मी अनेक सुशिक्षित घरांतून ऐकले आहे. परंतु अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून असे दिसले आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. डोके फरसबंदीवर आपटायला लांबचा प्रवास लागत नाही. घराजवळच्या वळणावर सांडलेली वाळू पुरते. मात्र हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा, आणि हँडलला अडकविलेले हेल्मेट फक्त दंड चुकविण्यास उपयोगी पडते, तेही क्वचितच.

शेवटी त्या भीतीविषयी, जिच्यामुळे जखमीभोवती माणसे जमतात पण त्यास उचलीत कोणी नाही: पोलीस ठाण्याचे खेटे, साक्ष, कोर्टाच्या तारखा. ही भीती एके काळी निराधार नव्हती. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ अन्वये त्यांस कायद्याचा आधार मिळाला. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. त्यास आपले नाव, पत्ता अगर दूरध्वनी क्रमांक सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, रुग्णालयही करू शकत नाही; आणि जखमीस दाखल करून त्याने तत्काळ निघून जायचे म्हटले, तर त्यास अडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.